जर्मनीतला उन्हाळा: जवळची भटकंती आणि दोघांचं घर

धागाकर्ती, श्टुटगार्ट

जर्मनीत नोकरीसाठी आलेल्या बहुतेक मराठी जोडप्यांचा पहिला उन्हाळा सारखाच जातो. मे महिन्यात गुरुवारची सुट्टी आली की शुक्रवारची रजा टाकायची आणि पॅरिस गाठायचं. जूनमध्ये स्वित्झर्लंड, जुलैत प्राग नाहीतर ॲमस्टरडॅम. मग घरी येऊन धुणं लावायचं आणि सोमवारी कामावर. आम्ही दोघांनीही ही शहरं पाहिली आहेत आणि ती पाहण्यासारखीच आहेत. तरी नव्याने येणाऱ्यांना मनापासून सांगावंसं वाटतं की पहिल्या वर्षापासूनच निम्मे सुट्टीचे दिवस घराच्या आसपासच्या मुलखासाठी राखून ठेवा, आणि जी जागा आवडेल तिथे पुन्हा पुन्हा जा. इथलं घर आम्हाला आपलं वाटायला लागलं ते अशा फिरण्यामुळे.

आधी तिकिटाचं बोलू. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, मे २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा महिन्याला ४९ युरोला होतं, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं आहे. देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि रिजनल गाड्या त्यात येतात, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. ऑफिसला जाण्यासाठी ते बहुतेकांकडे असतंच, म्हणजे रविवारच्या प्रवासाला वेगळा खर्च नाही. बऱ्याच कंपन्या त्यातला काही वाटा उचलतात, एचआरला जरूर विचारा.

आमची सगळ्यात लाडकी जागा बोडेनझे. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये पसरलेलं ५३६ चौरस किलोमीटरचं सरोवर. पहिल्यांदा जाणारे लोक मायनाऊ बेटावर जातात. ४५ हेक्टरची बाग आहे, जूनमध्ये गुलाब आणि सप्टेंबरात डेलिया बघण्यासारखे असतात. तिकीट स्वस्त नाही, पण एक अख्खा दिवस तिथे सुखात जातो. फ्रीडरिशहाफेनला झेपेलिन संग्रहालय आहे. पहिलं झेपेलिन, म्हणजे हवेत तरंगणारं अवाढव्य विमानजहाज, २ जुलै १९०० रोजी याच सरोवरावरून उडालं होतं. माझ्या नवऱ्याला यंत्रांचं वेड, तो तिथून हलतच नाही.

मला मात्र ओढ आहे ती राइखेनाऊ बेटाची. ७२४ साली तिथे मठ स्थापन झाला. आजही तीन जुनी चर्चेस उभी आहेत आणि २००० सालापासून हे बेट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण बेटावर पाऊल टाकलं की आधी दिसतात ते भाजीचे वाफे आणि काचेची हरितगृहं. सॅलडची पानं, काकड्या, टोमॅटो. नवव्या शतकात इथल्या एका मठाधिपतीने, वालाफ्रिड श्ट्राबो याने, बागेतल्या वनस्पतींवर लॅटिनमध्ये काव्य लिहिलं. त्यात बडीशेप आहे, पुदिना आहे, मुळा आहे, खरबूज आहे. आपल्या ताटातल्या गोष्टींवर कुणीतरी बाराशे वर्षांपूर्वी आल्प्सच्या पायथ्याशी बसून इतक्या प्रेमाने लिहिलं हे कळल्यावर मला त्या बेटाबद्दल फार जवळीक वाटली. काव्यातल्या वनस्पतींची छोटी बाग तिथे पुन्हा लावलेली आहे. येताना आम्ही पिशवीभर टोमॅटो आणतो आणि आठवडाभर त्याचं सार करतो.

आणखी एक गोष्ट. श्टुटगार्ट भागातल्या कित्येक घरांच्या नळाला बोडेनझेचं पाणी येतं. झिप्लिंगनजवळ सुमारे ६० मीटर खोलीवरून ते उपसतात, शुद्ध करतात आणि मोठ्या नळांनी उत्तरेकडे पाठवतात. १९५८ पासून ही योजना चालू आहे. आमच्याही भागात तेच पाणी आहे. हे समजलं तेव्हापासून तिथे गेल्यावर मी पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघते. आपण रोज ज्यात वरण शिजवतो ते पाणी हे.

दुसरी जागा ब्लाऊबॉयरेन. उल्मला गाडी बदलायची, स्टेशनवरून पायी जायचं. गावात ब्लाऊटोप्फ नावाचा झरा आहे, सुमारे २१ मीटर खोल. पाणी इतकं निळं की पहिल्यांदा बघणाऱ्याला रंग टाकलाय असं वाटतं. चुनखडीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात असतात, त्यांच्यामुळे निळा प्रकाश जास्त विखुरतो. पाऊस झाल्यावर लगेच गेलात तर गढूळ दिसेल, चार कोरडे दिवस गेल्यावर जा. झऱ्यापासून जवळच अश्मयुगाचं संग्रहालय आहे. जवळच्या होले फेल्स गुहेत २००८ साली मॅमथच्या सुळ्यात कोरलेली जेमतेम सहा सेंटीमीटरची स्त्रीमूर्ती सापडली, सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीची. ती तिथे ठेवली आहे, आणि गिधाडाच्या हाडाची बासरीही. काळोख्या दालनात त्या मूर्तीसमोर आम्ही दोघं खूप वेळ उभे होतो. कोणत्याही मोठ्या राजवाड्यात मला असं भरून आलं नव्हतं.

खुद्द श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडक्यात: वाइसेनहोफ वसाहतीतली १९२७ सालची घरं बघाच. तिथली वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएची घरं आणि आपल्या चंदीगडचं कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये एकाच नोंदीखाली युनेस्कोच्या यादीत गेली. मारिएनप्लाट्झवरून डेगरलोखला जाणारी दातेरी रुळांची गाडी १८८४ पासून चालू आहे, तिच्या पुढे सायकली ठेवायचा डबा असतो. रोटेनबर्गच्या टेकडीवर राणी काथारिनाची समाधी आहे, चहूबाजूंनी द्राक्षांचे मळे. आणि जुलैत इथे भारतीय चित्रपट महोत्सव भरतो. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, हे इथल्या मराठी माणसांनाही अनेकदा माहीत नसतं.

आता घराकडे. कामाला बाई नाही, स्वयंपाकाला कुणी नाही, रविवारी दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीला इथे राज्यघटनेचं संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेने तसंच पुढे चालू ठेवलं. त्यामुळे आमचा शनिवार घराचा आणि रविवार बाहेरचा. शनिवारी सकाळी आठवडी बाजार, मग तुर्की दुकानात भेंडी आणि कोथिंबीर, श्रीलंकन तमिळ दुकानात कढीपत्ता आणि शेवग्याच्या शेंगा. रिकाम्या बाटल्या परत करायच्या, एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात. काचेच्या बाटल्या-बरण्या रविवारी डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. दुपारपर्यंत एकाने स्वयंपाकघर धरायचं, दुसऱ्याने न्हाणीघर आणि कपडे. दर आठवड्याला अदलाबदल. लग्न झालं तेव्हा नवऱ्याला कुकर लावता येत होता एवढंच, आता तो पुरणपोळी करतो आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

शिवाय आमच्या श्वाबेन भागात केअरवोखे असते. इमारतीतल्या कुटुंबांनी आळीपाळीने जिना झाडायचा आणि पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. शहराने ही सक्ती १९८८ मध्ये काढली, पण घरमालकांच्या करारात ती अजून असते. नवीन मराठी मंडळींना हे जाचक वाटतं. मी उलट म्हणेन की हे काम नीट आणि वेळेवर करा. वरच्या मजल्यावरच्या आजींशी आमची ओळख जिन्यातच झाली. आता त्या जूनमध्ये चेरी आणून देतात, आम्ही दिवाळीला चिवडा देतो.

तुमच्याकडचा उन्हाळा कसा जातो ते लिहा. कुठे जाता, घरी काय करता, सगळंच.

प्रतिसाद, हॅम्बुर्गहून

फार आवडला धागा. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे बोडेनझे कितीही सुंदर असलं तरी आम्हाला खारं पाणी लागतं. उत्तरेकडच्यांनी कुक्सहाफेनला जाऊन, जर्मनमध्ये ‘वाट’ म्हणतात ती ओहोटीत उघडी पडणारी समुद्राची जमीन जरूर चालावी. ओहोटी लागली की समुद्र मैलोगणती आत जातो आणि चिखल-वाळूवरून चालत थेट नॉयवेर्क बेटावर जाता येतं, साधारण दहा किलोमीटर. बेट प्रशासनाच्या दृष्टीने हॅम्बुर्गचाच भाग आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या असतात. २००९ पासून या किनाऱ्याचा मोठा भाग जागतिक वारशात आहे, हॅम्बुर्गचा भाग त्यात २०११ मध्ये आला.

कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही, पण इथे तरीही स्वतःच्या भरवशावर जाऊ नका. ओहोळ अचानक भरतात, धुकं उतरलं तर दिशा कळत नाही. भरतीचं वेळापत्रक बघून, वाटाड्याबरोबरच जा. वाटेत उंच खांबांवर पिंजरे बांधलेले दिसतील, ते अडकलेल्यांना चढून बसण्यासाठी आहेत.

आणि आमच्याकडे जूनमध्ये सूर्य जवळपास दहाला मावळतो. ऑफिस सुटल्यावर एल्बेच्या काठी जाऊन, पोहे खाऊन, गप्पा मारून घरी आलं तरी उजेड असतो. आमची बरीचशी भटकंती कामाच्या दिवशी संध्याकाळीच होते.

प्रतिसाद, मानहाइमहून

लेख छान आहे, पण मी सहमत नाही. आपल्यातल्या किती जणांचं इथलं वास्तव्य दोन-तीन वर्षांचंच असतं. प्रकल्प संपला की परत पुण्याला. घरून पॅरिसला जायचं तर विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, सगळं मिळून लाखांचा हिशोब होतो. इथून मानहाइमला गाडीत बसलं की तीन-साडेतीन तासांत पॅरिस. ज्याला वर्षांची खात्री नाही त्याने आधी मोठी शहरं बघून घ्यावीत. माझे आई-वडील अजून मुंबईबाहेर फारसे गेलेले नाहीत. मी आयफेल टॉवरवरून त्यांना व्हिडिओ कॉल केला तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी कुठल्याही झऱ्यासाठी सोडला नसता.

धागाकर्ती

तुमचं म्हणणं पटतं, आणि बाबांना झालेला आनंद खराच मोलाचा. म्हणूनच मी निम्मे दिवस म्हटलं. फक्त एक सांगते. आमच्या ओळखीतली जी जोडपी परत गेली त्यांच्याशी बोलताना पॅरिसचा विषय एकदा निघतो आणि संपतो. ते पुन्हा पुन्हा विचारतात ते त्यांच्या घरामागच्या रानाबद्दल, कोपऱ्यावरच्या बेकरीबद्दल, शेतावर जाऊन स्वतः तोडलेल्या स्ट्रॉबेरीबद्दल. ज्यांचा मुक्काम थोडा आहे त्यांनी तर हे जास्तच जपावं असं मला वाटतं.

प्रतिसाद, एरलांगनहून

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे आले. माझी नाशिकची चांगली नोकरी सोडून. उन्हाळा, सहली, बाल्कनीतली फुलं, हे सगळं वाचायला छान वाटतं, पण सोमवार ते शुक्रवार घरात एकटीने काढायचे असतात त्याबद्दल कुणी लिहीत नाही. हिवाळ्यात तर नवरा अंधारात जातो आणि अंधारात येतो. उन्हाळ्यात शेजारी सगळे बाहेर असतात, हसत-खेळत, आणि आपल्याला त्यांच्याशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत तेव्हा एकटेपणा जास्त टोचतो. नवरा समजूतदार आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण शनिवार-रविवारच्या सहलीने पाच दिवस भरून निघत नाहीत.

प्रतिसाद, ड्युसेलडॉर्फहून

ताई, तुमचं दुःख खरं आहे आणि ते इथे मांडलंत हे फार बरं केलंत. मी त्याच वाटेने गेले आहे. कुटुंबीय म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर इथे नोकरी करायची मुभा असते, वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही, हे आधी मनात पक्कं करा. पुष्कळ जणींना हेच कुणी सांगितलेलं नसतं. मग भाषा. फोल्क्सहोखशूले म्हणजे गावोगावी असलेली प्रौढांची शाळा, तिथे वर्ग असतात. इंटिग्रेशन कोर्सला भाषेचे साधारण ६०० तास आणि देशाची ओळख करून देणारे १०० तास असतात. तुम्ही त्याला पात्र आहात का ते परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारा.

आणि उन्हाळ्यातच सुरुवात करा. माणसं बाहेर असतात, वेळ असतो, मन मोकळं असतं. मी आमच्या भागातल्या सार्वजनिक बागेत भाजी लावणाऱ्या गटात जायला लागले. व्याकरण नंतर आलं, आधी वांगी, टोमॅटो, कुदळ, पाणी हे शब्द आले. तुमच्या एरलांगनला तर पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास बेर्गकिर्शवाइ भरते, १७५५ पासूनची जत्रा. झाडांखाली लांब बाकांवर अनोळखी माणसं शेजारी बसतात आणि आपणहून बोलतात. नवऱ्याबरोबर एक संध्याकाळ जा. मला खाजगी निरोप पाठवा, आपण फोनवर बोलू.

धागाकर्ती

एरलांगनच्या ताईंना माझाही निरोप. तुम्ही म्हणता ते मूळ लेखात यायला हवं असं आहे आणि आता या धाग्याचा तो सगळ्यात महत्त्वाचा भाग झाला आहे. नवरेमंडळी वाचत असतील तर त्यांना कळकळीची विनंती: बायकोचा भाषेचा वर्ग संध्याकाळी असेल तर त्या दिवशी स्वयंपाक आणि मुलं तुमच्याकडे. त्यात चर्चेला जागा नाही.

प्रतिसाद, फ्रांकफुर्टहून

आई-बाबांना उन्हाळ्यात बोलावणाऱ्यांसाठी. मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा. तुम्ही खर्चाची हमी घेत असाल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून रीतसर हमीपत्र करून घ्यावं लागतं आणि प्रवासी आरोग्य विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. भेटीची वेळ मिळायला काही शहरांत आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून हे काम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करा.

फिरवताना त्यांच्या गतीने फिरवा. एका दिवसात एकच जागा. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, किल्ले-चर्चचे जिने त्यांना जमत नाहीत. त्यांना सगळ्यात आवडले ते गावोगावचे क्नाइप हौद. गुडघाभर थंड पाण्यात पावलं उचलत गोल फिरायचं, बहुतेक ठिकाणी फुकट असतं. सेबास्टियान क्नाइप या बाव्हेरियातल्या धर्मगुरूने एकोणिसाव्या शतकात ही जलचिकित्सा रूढ केली. सासूबाई रोज संध्याकाळी शेजारच्या जर्मन आजीबाईंबरोबर तिथे जायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण गुडघ्यांचं दुखणं दोघींनाही चांगलं कळत होतं.

काळ्या जंगलात, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमध्ये, मुक्काम करणार असाल तर राहण्याच्या जागी कोनुस कार्ड मिळतं का विचारा. पाहुण्यांना त्या भागातल्या बस आणि रिजनल गाड्या त्यावर मोफत असतात.

प्रतिसाद, फ्रायबुर्गहून

पोहण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथला उन्हाळा म्हणजे उघड्यावरचे तरणतलाव. आपल्यातल्या पुष्कळ बायका काठावर पिशव्या सांभाळत बसतात, कारण लहानपणी कुणी शिकवलं नाही आणि आता पोहण्याचे कपडे घालायला संकोच वाटतो. मैत्रिणींनो, उतरा पाण्यात. मोठ्यांसाठी वर्ग असतात. सुती कपडे चालत नाहीत, पण पोहण्याच्या कापडाचे अंगभर पोशाख बऱ्याच तलावांत चालतात, तिथली नियमावली आधी वाचा. आमच्याकडे लोरेट्टोबाडमध्ये फक्त बायकांसाठी स्वतंत्र भाग आहे. मी तिथे शिकले. मागच्या उन्हाळ्यात माझ्या लेकीबरोबर तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहत गेले आणि पलीकडे पोचल्यावर रडले.

नद्या आणि खाणींमध्ये तयार झालेली तळी यांच्याबाबतीत मात्र सावध राहा. वरून शांत दिसतात, खाली पाणी एकदम गार होतं. जिथे जीवरक्षक असतील तिथेच उतरा.

प्रतिसाद, लायपझिशहून

आम्ही क्लाइनगार्टन घेतला आहे, म्हणजे शहराच्या कडेला भाड्याने मिळणारी बागेची तुकडी. त्यामुळे आमची सहल म्हणजे सायकलवरून तिथे जाणं. थोडी माहिती देतो. १९८३ चा खास कायदा आहे. तुकडी ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी असू नये, त्यातलं खोपटं झाकलेल्या ओट्यासह २४ चौरस मीटरपर्यंत, आणि तिथे कायम राहता येत नाही. साधारण एक तृतीयांश जमिनीवर फळं आणि भाजीपाला लावावाच लागतो. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी लांब असते, पण नाव घालून ठेवा. संघाच्या बैठकांना जा, श्रमदानाला जा, मग लोक तुम्हाला ओळखतात.

आम्ही मेथी, चवळी, दुधी, मिरची आणि एका कोपऱ्यात झेंडू लावतो. मिरची आणि टोमॅटो १५ मेच्या आधी उघड्यावर लावू नका. ११ ते १५ मे या दिवसांना इथे बर्फाळ संतांचे दिवस म्हणतात, तोवर पहाटेचं हिव पडू शकतं. आमच्या शेजारच्या तुकडीत एक सत्तरीतलं जोडपं आहे, पूर्व जर्मनीच्या काळापासून तीच बाग. त्यांनी आम्हाला खत कसं कुजवायचं ते शिकवलं. आमच्या दुधीचा वेल बघायला ते रोज येत, आणि त्यांना दुधी हलवा दिला तेव्हा काकूंनी पाककृती वहीत लिहून घेतली.

प्रतिसाद, न्युर्नबर्गहून

स्वयंपाकघराचं काही. उन्हाळ्यात श्रीखंड करायचं असेल तर चक्का बांधत बसू नका, श्पाइझेक्वार्क नावाचं चक्क्यासारखं मऊ ताजं चीज आणा, पाकिटावर ४० टक्के फॅट लिहिलेलं (हा आकडा पाणी वगळून उरलेल्या भागातल्या फॅटचा असतो), तासभर फडक्यात टांगा म्हणजे उरलेलं पाणी जातं, मग साखर, केशर, वेलची. बटाटेवड्यांसाठी बटाटे घेताना पिशवीवर मेलिशकोखेंड लिहिलेले घ्या, ते मोकळे होतात. फेस्टकोखेंड काचऱ्यांसाठी छान. मे-जूनमध्ये र्‍हबार्बर मिळतं, आंबट देठांची एक भाजी, त्याचे तुकडे गूळ, मोहरी आणि तिखट घालून परता, कैरीच्या तक्कूची आठवण होईल असं तोंडीलावणं होतं. त्याची पानं मात्र टाकून द्या, ती विषारी असतात. मांगोल्ड या पालकासारख्या पालेभाजीच्या मोठ्या पानांची अळूवडी होते, पानं आधी गरम पाण्यातून काढून मऊ करून घ्या आणि जाड शिरा लाटण्याने दाबा.

प्रतिसाद, हायडेलबर्गहून

आमच्या गावाचा उल्लेख नाही म्हणून आवर्जून लिहितो. किल्ला आणि तत्त्वज्ञांची वाट सगळे बघतात. मराठी माणसाने इथे आणखी एक गोष्ट मनात ठेवून यावं. इथल्या विद्यापीठात १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे, आणि तिथे गुंथर सोंथायमर यांनी खंडोबा, बिरोबा, म्हसोबा, धनगरांच्या ओव्या यांचा आयुष्यभर अभ्यास केला. महाराष्ट्रात धनगरांबरोबर राहून, माळावर फिरून, मराठीत बोलून केलेला अभ्यास. १९९२ मध्ये ते गेले. नेकर नदीच्या काठी बसलं की मला नेहमी वाटतं, जेजुरीचा भंडारा इथवर पोचवणारा माणूस याच रस्त्यांवरून चालत होता. आपल्या मुलांना किल्ला दाखवताना हेही सांगा.

किल्ल्यावरची रोषणाई आणि आतषबाजी उन्हाळ्यात ठराविक शनिवारी असते. पुलावर गर्दी होते, नदीच्या पलीकडच्या काठावरून शांतपणे बघता येतं.

प्रतिसाद, कार्ल्सरुहहून

आम्ही मार्चमध्येच आलो. घर वरच्या मजल्यावर, छपराखाली आहे आणि एसी नाही. सगळे म्हणतात जुलैत भाजून निघाल. दुसरा प्रश्न, रानात गेल्यावर गोचिडी चावतात असं ऐकलं, बायको घाबरली आहे. जायचं की नाही?

धागाकर्ती

नक्की जायचं. आधी उकाड्याचं सांगते. इथे उन्हाळ्यात सकाळी उठल्याबरोबर सगळ्या खिडक्या उघडून घर गार करून घ्यायचं, आणि नऊच्या आत खिडक्या लावून बाहेरच्या झडपा खाली ओढायच्या. आपल्याकडे दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायची सवय असते, पण इथे भिंती जाड आणि हवा कोरडी. बाहेरची ऊब आत येऊ दिली नाही तर घर बरंच थंड राहतं. रात्री पुन्हा सगळं उघडायचं. छपराखालच्या घरात झडपा नसतील तर घरमालकाला आत्ताच पत्र लिहा, आणि खिडकीला बाहेरून लावायचा उन्हाचा पडदा लावू देता का विचारा. आतून लावलेल्या पडद्याचा उपयोग कमी होतो. स्वयंपाक सकाळी उरकून टाका.

गोचिडींबद्दल. आपलं बाडेन-व्युर्टेनबर्ग आणि शेजारचं बाव्हेरिया हे मेंदूज्वराच्या, म्हणजे एफएसएमईच्या, जोखमीच्या भागात येतात. त्यावर लस आहे, तीन डोस असतात, तुमच्या हाउसआर्टकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, मिळते. आत्ताच घेतलीत तर उन्हाळ्यापर्यंत पहिले दोन डोस होतील. जोखमीच्या भागात राहणाऱ्यांसाठी आरोग्य विमा साधारणपणे खर्च देतो, एकदा फोन करून खात्री करा. गोचिडींमुळेच होणाऱ्या बोरेलिओसिस या दुसऱ्या आजारावर अजून लस नाही, पण वेळेत कळलं तर प्रतिजैविकांनी बरं होतं. रानात लांब पँट घाला, पायमोजे पँटवर ओढून घ्या, गवतात बसताना सतरंजी अंथरा. घरी आल्यावर एकमेकांचं अंग नीट तपासा: गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला. गोचीड दिसली तर तेल-बिल न लावता चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. नंतर काही आठवडे त्या जागी लाल कडं पसरतंय का बघा, आणि दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा.

कार्ल्सरुहहून काळं जंगल तुमच्या दारातच आहे. मुमेलझेला सरोवराभोवती सोपी वाट आहे, बायकोला पहिल्यांदा तिथे घेऊन जा. रुंद रस्ता आहे, गवतात शिरावं लागत नाही. जूनमधल्या फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाच्या गुरुवारी आपल्या राज्यात सुट्टी असते, त्या दिवशी श्टुटगार्टला आलात तर आमच्याकडे जेवायला या. पत्ता खाजगी निरोपातून कळवते.